मोहोर बघून बागेचा भाव: फॉर्म्युला वनच्या हंगामाआधी भाकीत करण्यात काही अर्थ आहे का?

खाडीपलीकडचा (रत्नागिरी)

मंडळी,

आमचं इथे सहा जणांचं टोळकं आहे. दर वर्षी पहिल्या शर्यतीआधी प्रत्येक जण सगळ्या संघांचा क्रम कागदावर लिहितो, कागद पाकिटात जातो आणि पाकीट भाट्याच्या एका मित्राच्या कपाटात. डिसेंबरात पाकीट फोडायचं. ज्याचा क्रम सगळ्यात जास्त चुकला, त्याने बाकीच्यांना कोंबडी-वडे घालायचे. गेल्या चार वर्षांत तीनदा वडे मी घातलेत. तेव्हा हा धागा थोडासा जळफळाटातून निघालाय, हे आधीच कबूल करतो.

२०२२ ला मी मर्सिडीज पहिली लिहिली. का नाही लिहिणार? लागोपाठ आठ वर्षं संघांचं विजेतेपद त्यांच्या घरात. गाडी सरळ रस्त्यावर बेडकासारखी उड्या मारत सुटली आणि अख्ख्या वर्षात एक शर्यत हाती लागली, ब्राझीलची. २०२३ ला बहारीनची हंगामाआधीची चाचणी डोळ्यांत तेल घालून बघितली आणि मॅक्लारेन नववी लिहिली. पहिल्या दोन शर्यतींत त्यांना शून्य गुण मिळाले तेव्हा मी मिशीला पीळ देत होतो. जुलैत ऑस्ट्रियाला नवे भाग आले आणि गडी चौथ्या नंबरावर! २०२४ ला म्हटलं आता चूक नाही, रेड बुल पहिली. त्यांच्या वेर्स्टापेनने पहिल्या दहापैकी सात शर्यती जिंकल्यासुद्धा. संघांचं विजेतेपद कोणाला? मॅक्लारेनला, १९९८ नंतर पहिल्यांदा. रेड बुल तिसरी.

यंदा, २०२६ ला, तर नियमच मुळापासून पालटलेत. विजेच्या मोटरची ताकद १२० किलोवॅटवरून ३५०, म्हणजे जवळपास निम्मा जोर बॅटरीचा. पुढचे-मागचे पंख चालू गाडीत उघडमीट करणार. संघ दहाचे अकरा. २६ जानेवारीपासून बार्सिलोनात बंद दाराआड चाचणी, मग फेब्रुवारीत बहारीनला दोनदा तीन-तीन दिवस, आणि ८ मार्चला मेलबर्नची पहिली शर्यत. एवढ्यावरून कोण पुढे कोण मागे हे सांगणं म्हणजे देवाला कौल लावणं. माझं म्हणणं, हंगामाआधीची भाकितं ही निव्वळ करमणूक आहे, तिला अभ्यासाचं सोवळं नेसवू नका. आणि आमच्या टोळक्याने यंदा पाकीट बंद करावं.

आकडेमोड (पनवेल)

असहमत. तुम्ही चुकलात याचा अर्थ भाकीत करता येत नाही असा होत नाही, तुम्ही चुकीचं बघता एवढाच होतो.

चाचणीत लोक घड्याळ बघतात. घड्याळ सगळ्यात खोटारडं. १० किलो इंधन जास्त असलं की फेरीला साधारण ०.३ सेकंद जातात. कोणी ३० किलो जास्त भरून फिरलं तर जवळपास सेकंद तिथेच गेला, आणि टाकीत किती आहे हे कोणी सांगत नाही. शिवाय इंजिन किती खुलं सोडलंय, तेही लपवता येतं. न लपणारी गोष्ट म्हणजे फेऱ्या. गाडी गॅरेजमध्ये उभी असेल तर ती सगळ्या जगाला दिसते.

२०१४ आठवा. असाच मोठा नियमबदल. खेरेझच्या पहिल्या चाचणीत चार दिवसांत मर्सिडीजच्या ३०९ फेऱ्या, आणि चार वेळच्या विजेत्या रेड बुलच्या २१. पुढे मर्सिडीजने १९ पैकी १६ शर्यती जिंकल्या. हे भाकीत ज्याला करता आलं नाही त्याने वडे घालायलाच हवेत.

तांबडा घोडा (सावंतवाडी)

आम्हा फेरारीवाल्यांच्या जखमेवर मीठ चोळायचंच असेल तर २०१९ पण काढा. हिवाळ्यात फेरारी सगळ्यांत वेगवान, फेऱ्याही भरपूर, पेपरवाले, चॅनेलवाले सगळे म्हणतात यंदा लाल रंग. मी घरी मेलबर्नच्या सकाळी घावणे करायला सांगून बसलेला. निकाल: मर्सिडीज पहिली-दुसरी, आम्ही चौथे-पाचवे. पुढे पहिल्या आठच्या आठ शर्यती मर्सिडीजला. आकडेमोडराव, तुमचं फेऱ्यांचं गणित तेव्हा कुठे गेलं होतं?

गिअरबॉक्स (चिपळूण)

मी गॅरेजवाला माणूस. माझ्याकडे विकायला काढलेली गाडी येते तेव्हा मी इंजिनचा आवाज नंतर ऐकतो, आधी ऑइल बोटावर घेऊन बघतो. धूर मारणारं इंजिन जाड ऑइल घातलं की चार दिवस गप्प बसतं. गिऱ्हाईक खूश, पैसे हातात, पाचव्या दिवशी मुंबई-गोवा हायवेला निळा धूर.

२००१ ला प्रोस्ट संघाने नेमकं हेच केलं, असं माझं मत. हिवाळ्यात त्यांचा ड्रायव्हर जाँ अलेसी वेळेच्या तक्त्यात वर. सगळे थक्क. अख्ख्या हंगामात गुण मिळाले चार, आणि २००२ चा हंगाम उजाडायच्या आत संघाचं दिवाळं. पैसे लावणारा शोधत असलेला संघ चाचणीत पळाला तर आधी बोट ऑइलात घालावं.

पण खरी गंमत पुढे आहे. २००९ ला होंडा सोडून गेली, संघाचा प्रमुख रॉस ब्रॉनने उरलासुरला संघ घेतला, मर्सिडीजचं इंजिन घाईने बसवलं, आणि पहिल्या शर्यतीला २० दिवस उरले असताना पांढरी गाडी, जवळजवळ एकही जाहिरात नाही, बार्सिलोनाच्या चाचणीत उतरली. सरळ पळत सुटली. तेव्हाही माझ्यासारखे शहाणे म्हणाले, प्रोस्टच आहे हे, जाड ऑइल. ब्रॉनच्या ड्रायव्हर बटनने पहिल्या सातपैकी सहा जिंकल्या आणि ड्रायव्हरचं नि संघाचं, दोन्ही विजेतेपदं त्याच वर्षी. म्हणजे एकच खूण, एकदा खोटी, एकदा खरी. मी कोणाच्या बाजूने आहे ते तुम्हीच ठरवा.

आकडेमोड (पनवेल)

घोडेसाहेब, २०१९ मध्ये मर्सिडीजने चाचणीच्या दुसऱ्या आठवड्यात गाडीचा वरचा साज जवळजवळ नवा आणला होता. पहिल्या आठवड्यात दिसली ती मेलबर्नची गाडीच नव्हती. ज्यांनी दुसऱ्या आठवड्यात नीट बघितलं त्यांना शंका आली असेल.

खाडीपलीकडचा (रत्नागिरी)

"शंका आली असेल." हेच ते! निकाल लागल्यावर प्रत्येक खुणेचा अर्थ लागतो. आधी सांगा ना.

आणि तुमच्या लाडक्या २०१४ चं अर्धंच सांगितलंत. २१ फेऱ्यांवाली रेड बुल त्या वर्षी शेवटी कितवी आली? दुसरी. तीन शर्यती जिंकून. फेऱ्यांवर विसंबून कोणी तिला आठवी लिहिली असती तर वडे त्यानेच घातले असते.

कलमाखाली (देवगड)

मी शर्यती बघते त्या मुलामुळे, पण इथे ज्याच्यावर भांडण चाललंय ते काम आमच्या घरी तीन पिढ्या चाललंय. डिसेंबर-जानेवारीत व्यापारी बागेत येतो, मान वर करून मोहोर बघतो आणि बागेचा भाव ठरवतो. आंबा अजून मोहरीएवढाही नसतो. त्यालाही तुम्ही कौल लावणं म्हणणार का? तो माणूस त्यावर घर चालवतो.

पण तो काय बघतो ते ऐका. मोहोर किती आला हे तो शेवटी बघतो. नवखा माणूस तेच आधी बघतो आणि फसतो. जुना माणूस बघतो की तुडतुडा किती आहे, फवारणी वेळेत झाली का, थंडी नेमकी किती दिवस टिकली, गेल्या वर्षी झाड किती लदलं होतं. मोहोर गळलेल्या फांदीला आंबा धरणार नाही हे त्याला नक्की माहीत असतं. मोहोराने भरलेल्या फांदीला किती धरेल हे त्यालाही माहीत नसतं. उलट कधी कधी वाटाण्याएवढी कैरी लागल्यावर पुन्हा थंडी पडते, झाड परत मोहोर काढतं आणि लागलेली कैरी पटापट गळते. पुनर्मोहोर म्हणतात त्याला. तो आला की माझे सासरे दोन दिवस कोणाशी बोलत नाहीत.

तुमच्या चाचण्यांचंही तसंच असणार. बिघाड दिसला तर खरा. वेग दिसला तर थांबावं. प्रोस्ट, ब्रॉन, फेरारी ही सगळी उदाहरणं वेगाची आहेत, म्हणून कधी खरी कधी खोटी. रेड बुलच्या २१ फेऱ्या हे बिघाडाचं उदाहरण. ती दुसरी आली हे खरं, पण पहिलीच्या जवळपास तरी होती का?

आकडेमोड (पनवेल)

ताई, साष्टांग नमस्कार. २०१४ चे गुण: मर्सिडीज ७०१, रेड बुल ४०५. जवळपास नाही, वेगळ्या तालुक्यात.

तांडेल (मालवण)

मोटरींचा माका जास्ती कळना नाय, पण एक सांगतंय. ३१ जुलैक मासेमारीची बंदी संपता. १ ऑगस्टाक पयली होडी बांगड्यान भरून इली की धक्क्यावर सगळे म्हणतत, यंदाचो हंगाम बांगड्याचो. आणि आठ दिवसांनी जाळ्यात नुसतो कचरो. त्येच्यापेक्षा मी दुसऱ्याच्या होडीचा इंजिन बघतंय. ज्याचा इंजिन जूनभर खोलून ठेवलेला आणि ऑगस्टाक पण खोललेलाच, त्येका यंदा म्हावरा गावचा नाय. ताईंचा बरोबर आसा.

तांबडा घोडा (सावंतवाडी)

मग इंजिनावरच बोला ना! यंदा ४ संघांना मर्सिडीजचं इंजिन: ते स्वतः, मॅक्लारेन, विल्यम्स आणि आता अल्पीन. आमचं ३ जणांना: आम्ही, हास आणि नवी कॅडिलॅक. रेड बुल-फोर्डचं दोघांना. होंडा एकट्या ॲस्टन मार्टिनला, आऊडी एकट्या आऊडीला. चार संघांना इंजिन देणाऱ्याला चौपट माहिती मिळणार. ज्याचं इंजिन चांगलं तो पुढे, विषय संपला.

गिअरबॉक्स (चिपळूण)

कसला संपला. २०१४ लाच बघा, तेव्हाही मर्सिडीजचं इंजिन चार घरांत होतं. ती चार घरं आली पहिली, तिसरी, पाचवी, सहावी. पाचवी म्हणजे मॅक्लारेन, हां. इंजिन तेच, डबा वेगळा. एकाच कंपनीच्या दोन रिक्षा परशुराम घाट सारख्याच चढतात का?

आकडेमोड (पनवेल)

चारी पहिल्या सहांत! हा आकडा तुम्ही माझ्या बाजूने दिलात, गिअरबॉक्सभाऊ. क्रम सांगता आला नसता, पण वरचा अर्धा भाग कोणाचा हे सांगता आलं असतं. मी एवढंच मागतो.

अजून एक खूण चाचणीच्या कितीतरी आधी मिळते. वाऱ्याच्या बोगद्यातला, म्हणजे गाडीच्या प्रतिकृतीवर वारा सोडून आकार तपासायचा, वेळ उलट्या क्रमाने वाटला जातो: विजेत्याला ठरलेल्या मापाच्या ७० टक्के, दहाव्याला ११५ टक्के. २०२६ च्या गाडीवर हे काम २०२५ उजाडेपर्यंत करायलाच बंदी होती. त्यामुळे गेल्या वर्षी कोणी जुन्या गाडीकडे लवकर पाठ फिरवली, ते बघा. फेरारीने वसंतातच फिरवली आणि वर्षभर एकही ग्रां प्री जिंकली नाही. ती हार आहे की पेरणी, ते मार्चमध्ये कळेल. मी पेरणीवर पैसे लावतो.

तांबडा घोडा (सावंतवाडी)

तुमच्या तोंडात साखर पडो. खडीसाखर.

खाडीपलीकडचा (रत्नागिरी)

कलमताईंचा प्रतिसाद तीनदा वाचला. बिघाड दिसला तर खरा, हे मला पटलंय. पण मग आमचं पाकीट चुकीचा प्रश्न विचारतं, कारण त्यात पहिल्यापासून शेवटचा असा पूर्ण क्रम लिहावा लागतो.

आणि आकडेमोडराव, तुमच्यासाठी शेवटचं एक. गेल्या वर्षी झँडवूर्टला १५ वी शर्यत झाली. चाचणी नाही, १५ शर्यतींची खरी माहिती सगळ्यांच्या हातात. वेर्स्टापेन ड्रायव्हरांच्या तक्त्यात पहिल्यापेक्षा १०४ गुणांनी मागे. तेव्हा मी, तुम्ही, सगळ्या जगाने त्याचं नाव खोडलं. शेवटी मॅक्लारेनचा नॉरिस जिंकला तो वेर्स्टापेनपेक्षा फक्त २ गुणांनी. आंबा पेटीत भरल्यावरसुद्धा भाव चुकला, मोहोराचं काय घेऊन बसलात?

आकडेमोड (पनवेल)

पण जिंकला नाही ना तो. खोडलेलं नाव खोडलेलंच राहिलं. ;)

कलमाखाली (देवगड)

अवांतर: व्यापारी चुकला तर त्याचं नुकसान होतं, म्हणून तो नीट बघतो. तुमच्यात चुकणाऱ्याला फक्त कोंबडी-वडे घालावे लागतात. पैज पायरीवर लावून बघा, डझनावर, मार्चच्या भावाने. मग बघू कोण मर्सिडीज पहिली लिहितो.

खाडीपलीकडचा (रत्नागिरी)

ताई, मार्चच्या भावाने पायरी म्हणजे मला बाग विकावी लागेल.

टोळक्याशी बोललो. पाकीट बंद होत नाहीये, पण नियम बदललाय. यंदा पूर्ण क्रम नाही, शेवटचे चार संघ फक्त. पाकीट २० फेब्रुवारीच्या रात्री, बहारीनची शेवटची चाचणी संपल्यावर बंद होईल. माझे दोन ठरलेत, दोन ठरत नाहीयेत. कॅडिलॅक शेवटची लिहायला सगळेच बसलेत, म्हणूनच माझा हात अडतोय.

तांडेल (मालवण)

माझा पण एक पाकीट धरा. रत्नागिरीक येतंय म्हावरा घेऊन, पण वडे तुमचे.