प्रतिसाद: बंद झालेले सगळेच खेळ भंगारात जात नाहीत

पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेतील आकाशपाळण्यांविषयी बोलताना, जुना झालेला प्रत्येक खेळ शेवटी भंगारातच जातो, असे मत मांडले गेले आहे. यात्रेतला पाळणा दर मुक्कामी सुटा करून पुन्हा जोडला जातो, त्यामुळे झिजलेला भाग तेवढा बदलता येतो. एका जागी कायम उभ्या असलेल्या रोलर कोस्टरची (उंच-सखल रुळांवरून वेगाने धावणाऱ्या गाड्यांच्या खेळाची) गोष्ट निराळी आहे, पण त्याचाही शेवट एकसारखा नसतो.

अमेरिकेतील ओहायो राज्यात सीडर पॉइंट या मनोरंजन उद्यानात १९९१ साली ‘मीन स्ट्रीक’ हा लाकडी रोलर कोस्टर सुरू झाला. लाकूड हवामानाप्रमाणे फुगते-आकसते, सांधे ढिले होतात आणि कालांतराने बसणाऱ्याला वेगापेक्षा हादरेच अधिक जाणवतात. त्याचेही तसेच झाले. २०१६ साली तो बंद केल्यावर लाकडी सांगाड्याचा बराचसा भाग राखून त्यावर पोलादी रूळ बसवण्यात आले आणि २०१८ साली तो ‘स्टील व्हेन्जन्स’ या नावाने पुन्हा धावू लागला. त्याच राज्यातील किंग्ज आयलंड या मनोरंजन उद्यानातील ‘सन ऑफ बीस्ट’ या लाकडी कोस्टरच्या नशिबी मात्र हे नव्हते. लाकडी कोस्टरला गाडी उलटी फिरवणारे उभे वर्तुळ देण्याचा हव्यास (मला तरी तो अनाठायीच वाटतो) २००६ च्या अपघातानंतर सोडावा लागला, २००९ साली गाड्या थांबल्या आणि २०१२ साली सगळा डोलारा पाडण्यात आला. याउलट पेन्सिल्व्हेनियातील १९०२ सालचा ‘लीप द डिप्स’ १९८५ साली बंद पडूनही डागडुजीनंतर १९९९ साली पुन्हा सुरू झाला. अवघी ४१ फूट उंची आणि बेताचा वेग असल्यामुळे त्याच्या सांगाड्यावर येणारा ताणही मुळात कमीच होता.