‘कर्नल स्वतः बांधा, मशीन पळेल’ हे कुठवर चालणार?

खडूस खलाशी (धागाकर्ता)

परवा लिनक्सचा कर्नल (सिस्टमचा गाभा) स्वतः बांधण्याबद्दल एक पोस्ट फिरत फिरत आली. गोषवारा असा: ‘उबुंटूचा कर्नल म्हणजे नुसती अडगळ. मेक लोकलमॉडकॉन्फिग करा, प्रश्न आले की एंटर दाबत राहा, बिल्ड मारा, मशीन दुप्पट पळेल.’ खाली ‘धन्यवाद दादा’ची रांग. एकेकाला समजावण्यापेक्षा इथे एकदाच लिहितो.

डिस्ट्रोच्या (उबुंटूसारख्या तयार लिनक्सच्या) कॉन्फिगमध्ये, म्हणजे कर्नलमध्ये काय घ्यायचं त्या यादीत, हजारो ड्रायव्हर ‘एम’ असतात, म्हणजे मॉड्यूल: लागेल तेव्हा लोड होणारा सुटा तुकडा. लोड न झालेलं मॉड्यूल /लिब/मॉड्यूल्स मध्ये गप पडून असतं. रॅममध्ये त्याचा एक बाइट नाही, सीपीयूवर त्याचा भार नाही. ते काढून वेग येणार कुठून? लोकलमॉडकॉन्फिग (कॉन्फिग छाटणारी आज्ञा) २००९ मध्ये कर्नल २.६.३२ मध्ये आलं, स्टीव्हन रोस्टेटने आणलं, तेच मुळी बिल्ड लवकर उरकावा म्हणून. शिवाय ते फक्त लोड नसलेल्या ‘एम’वर काट मारतं. जे आधीच ‘वाय’ (कर्नलमध्येच पक्कं बसवलेलं) आहे त्याला हातही लावत नाही. म्हणजे खरी ‘अडगळ’ जागच्या जागीच.

बूट हळू वाटतोय? आधी सिस्टमडी-अ‍ॅनालाइझ चालवून फर्मवेअर, लोडर, कर्नल आणि युजरस्पेस (कर्नलबाहेरचे प्रोग्रॅम) यांचे आकडे वेगवेगळे बघा. उबुंटूत (२५.१० च्या आधीच्या) कर्नलच्या आकड्यात इनिटरॅमएफएसचा, म्हणजे मुख्य डिस्क माउंट होईपर्यंत लागणाऱ्या फायलींच्या गठ्ठ्याचा, वेळही धरलेला असतो. तोच मोठा असेल तर इनिटरॅमएफएस.कॉन्फ मध्ये ‘मॉड्यूल्स=मोस्ट’चं ‘मॉड्यूल्स=डेप’ (फक्त या मशीनला लागणारी) करा, अपडेट-इनिटरॅमएफएस चालवा. एक ओळ कम्पाइल न करता काम झालं.

आणि त्या पोस्टमधली कृती जशीच्या तशी केली तर बिल्ड पुरासुद्धा होत नाही. /बूट मधली उबुंटूची कॉन्फिग उचलून मूळ सोर्सवर ठेवलीत की सिस्टम_ट्रस्टेड_कीज मध्ये कॅनॉनिकलच्या (उबुंटूच्या कंपनीच्या) सर्टिफिकेट फाईलचा पत्ता येतो. ती फाईल मूळ सोर्समध्ये नसते. मेक ‘नो रूल टू मेक टार्गेट’ म्हणून सर्ट्स फोल्डरपाशी आडवा होतो. सिस्टम_रिव्होकेशन_कीजचंही तेच. स्क्रिप्ट्स/कॉन्फिगने दोन्ही रिकामे करावे लागतात. डीबग_इन्फो (दोष शोधायची जादा माहिती) चालू ठेवलंत तर बिल्डची फोल्डर वीसेक जीबी खाते. ५.१८ पासून नुसतं डीबग_इन्फो बंद करून भागत नाही, ओल्डडेफकॉन्फिग (जुन्या कॉन्फिगमध्ये उरलेले पर्याय डीफॉल्टने भरणारी आज्ञा) ते परत चालू करतं. डीबग_इन्फो_नन चालू करायचं असतं. यातलं एक अक्षर त्या पोस्टमध्ये नाही.

शिकायला बांधा, हौसेला बांधा. वेगासाठी बांधू नका.

बिल्डवेडा

ती पोस्ट माझी नाही, पण रोख आमच्यावर आहे म्हणून लिहितो. ‘दुप्पट’ हा शब्द बावळटपणाचा, मान्य. पण वेगाचा मुद्दा खोडलात म्हणून सगळा विषय निकालात निघत नाही.

डीसीसीपी हा नेटवर्क प्रोटोकॉल आठवतोय का? सीव्हीई-२०१७-६०७४ (सीव्हीई म्हणजे सुरक्षेच्या भगदाडाचा नोंद क्रमांक). तो प्रोटोकॉल कोणी वापरत नव्हतं, पण डिस्ट्रोत मॉड्यूल हजर. कोणताही साधा युजर सॉकेट उघडायला गेला की कर्नल ते आपोआप लोड करायचा, आणि आत दहा वर्षांहून जुना डबल-फ्री (एकच मेमरी दोनदा मोकळी करायची चूक). तुमचं ‘गप पडून असतं’ ते हे. पडून असलेलं उठवता येतं, आणि उठवायला रूट (अ‍ॅडमिनचे हक्क) लागत नाही. ज्याने ते बिल्डच केलं नव्हतं त्याला त्या दिवशी काहीच करावं लागलं नाही.

खडूस खलाशी

मॉडप्रोब.डी मध्ये एक ओळ: ‘इन्स्टॉल डीसीसीपी /बिन/फॉल्स’. संपलं. त्याहून कडक हवं तर सगळं लोड झाल्यावर कर्नल.मॉड्यूल्स_डिसेबल्ड हे सिस्कटल (चालू कर्नलची सेटिंग) १ करा, रीबूटपर्यंत एकही नवं मॉड्यूल घुसत नाही. डीसीसीपी तर ६.१६ मध्ये कर्नलमधूनच काढून टाकलं.

आता तुम्ही सांगा. स्टेबल कर्नलचे पॅच जवळजवळ दर आठवड्याला येतात. २०२४ च्या फेब्रुवारीपासून कर्नलवाले स्वतःच सीव्हीई क्रमांक देतात, तेव्हापासून पूर आलाय. डिस्ट्रोवाल्याला अपडेट आपोआप मिळतं. हाताने बांधलेला कर्नल किती जण दर आठवड्याला परत बांधतात? सुरक्षेच्या नावाने सहा महिने जुना कर्नल चालवायचा, याला काय म्हणावं?

बिल्डवेडा

क्रॉन नावाची, ठरल्या वेळी आपोआप काम करणारी चीज असते. जुनी कॉन्फिग ठेवा, मेक ओल्डडेफकॉन्फिग, मेक बिनडेब-पीकेजी, डीपीकेजी -आय. आळशी लोकांचं उदाहरण देऊन पद्धत वाईट ठरत नाही.

डोंगल

लोकलमॉडकॉन्फिगबद्दल एक कोणीच बोललं नाही. ते एलएसमॉडचा (लोड असलेल्या मॉड्यूल्सच्या यादीचा) त्या क्षणाचा फोटो घेतं. पेनड्राइव्ह लावलेला नव्हता तर यूएएस आणि एक्सफॅट गेले. डॉकर बंद होता तर ओव्हरले, व्हेथ, एक्सटी_अ‍ॅड्रटाइप गेले. ईएसपी (बूटचं पार्टिशन) ऑटोमाउंटवर असेल आणि तेव्हा माउंट नसेल तर एनएलएस_आयएसओ८८५९_१ जातं, आणि पुढच्या वेळी व्हीफॅट ‘आयओ कॅरसेट नॉट फाउंड’ म्हणून माउंट व्हायला नकार देतं. माणूस तासभर डिस्क तपासत बसतो, डिस्क ठणठणीत असते.

उपाय आहेत. मॉडप्रोब्ड-डीबी काही दिवस चालू ठेवा, रोजच्या वापरातलं सगळं त्यात जमा होतं. ती यादी ‘एलएसमॉड=’ ने द्या. वर ‘एलएमसी_कीप’ मध्ये ड्रायव्हर्स/यूएसबी, एफएस वगैरे फोल्डर दिलेत तर त्यांना कात्री लागत नाही.

कट्टर जेंटू

सगळा गोंधळ इनिटरॅमएफएसमुळे आहे. रूट (मुख्य फाइलसिस्टम) माउंट करायला लागतं ते सगळं ‘वाय’ करा: बीएलके_डेव्ह_एनव्हीएमई, एक्सटी४_एफएस, डेव्हटीएमपीएफएस_माउंट. इनिटरॅमएफएस फेकून द्या. ना डेप ना मोस्ट. कर्नल उठतो, थेट रूट माउंट करतो. याला बांधणी म्हणतात, बाकी सगळं पॅकेजिंग.

खडूस खलाशी

आलेच. आणि ग्रबमध्ये (बूटलोडरमध्ये) ‘रूट=यूयूआयडी’ असलं की काय होतं तेही सांगा. फाइलसिस्टमचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) कर्नलला वाचता येत नाही, ते काम इनिटरॅमएफएसमधली युजरस्पेस करते. पडद्यावर येतं ‘अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)’. नवशिक्या इथेच बुडतो.

कट्टर जेंटू

पार्टयूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) वापरावा, तो कर्नलला कळतो. ब्लकिड दोन्ही दाखवतं. ग्रबमध्ये ‘ग्रब_डिसेबल_लिनक्स_पार्टयूयूआयडी=फॉल्स’ करा, इनिटरॅमएफएस नसेल तर ग्रब-एमकेकॉन्फिग आपणहून पार्टयूयूआयडी घालतं. आणि तो पॅनिक (कर्नल बंद पडतानाचा संदेश) वाचायला शिका. (०,०) म्हणजे डिव्हाइसच सापडलं नाही: ड्रायव्हर नाही किंवा रूट= चुकलंय. (२५९,२) असं काही आलं तर डिव्हाइस सापडलंय, फाइलसिस्टम ‘वाय’ नाही. कर्नल स्वच्छ सांगतोय, वाचणाऱ्याने वाचलं तर.

पिक्सेल

एएमडीजीपीयू (एएमडी ग्राफिक्सचा ड्रायव्हर) ‘वाय’ करून बघितलंय का कधी? रूट माउंट व्हायच्या आत ड्रायव्हर जागा होतो आणि /लिब/फर्मवेअर मधल्या, कार्डात भरायच्या फायली मागतो, ज्या अजून तिथे नाहीतच. ‘डायरेक्ट फर्मवेअर लोड फेल्ड विथ एरर -२’, पडदा काळा. मशीन मात्र चालू, एसएसएचने आत जाता येतं. ‘एम’ ठेवलं असतं तर रूट आल्यावर यूडेव्हने (हार्डवेअर दिसलं की मॉड्यूल लोड करणाऱ्या प्रोग्रॅमने) निमूट लोड केलं असतं.

कट्टर जेंटू

एक्स्ट्रा_फर्मवेअर कशाला दिलंय मग? फाइलींची नावं जागा सोडून लिहा, कर्नलमध्येच बसतात.

पिक्सेल

कोणत्या कार्डाला कोणत्या डझनभर फायली लागतात ते डीमेसेजमधून वेचायचं. हल्ली डिस्ट्रो फर्मवेअर दाबून .झेडएसटी ठेवतात, ती इथे चालत नाही, आधी उघडून ठेवायची. फर्मवेअरचं अपडेट आलं की कर्नल परत बांधायचा. एवढी उठाठेव एक सीपीआयओ फाईल (म्हणजे इनिटरॅमएफएस) वाचवायला!

लालफीत

मायक्रोकोडचं (प्रोसेसरच्या आतल्या दुरुस्त्यांचं) काय? तो अगदी सुरुवातीला लागतो, आणि एरवी इनिटरॅमएफएसच्या पुढे चिकटवून येतो. इनिटरॅमएफएस गेला की इंटेलसाठी एक्स्ट्रा_फर्मवेअर मध्ये ‘इंटेल-यूकोड/०६-८ई-०ए’ असं फॅमिली-मॉडेल-स्टेपिंग हेक्समध्ये लिहायचं. एक आकडा चुकला तर गुपचूप जुन्या मायक्रोकोडवर चालत राहतं, कोणी ओरडत नाही. उशिरा लोड करायची सोय ५.१९ पासून मुळातच बंद असते. वर सुरक्षेच्या गप्पा चालल्या होत्या म्हणून आठवलं.

खडूस खलाशी

आणि लक्स (डिस्क एन्क्रिप्शन)? पासवर्ड विचारणार कोण? क्रिप्टसेटअप युजरस्पेसमध्ये असतं. एलव्हीएमवर रूट, तेही तसंच. लॅपटॉप एन्क्रिप्ट करू नका असं सांगणार का आता?

कट्टर जेंटू

इनिटरॅमएफएस ही ज्यांना स्वतःचं हार्डवेअर माहीत नाही त्यांची कुबडी आहे. लक्सवाल्यांनी खुशाल वापरावी. ज्यांना ग्रब हाताने लिहिता येत नाही त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

खडूस खलाशी

इतके प्रतिसाद वाद घालून झाल्यावर हे बरं सुचलं. [उरलेली ओळ संपादित. वैयक्तिक नको. – संपादक]

बोर्डवाला

तुम्ही दोघं डेस्कटॉपवर भांडताय. इनिटरॅमएफएसशिवाय बूट ही एम्बेडेडमध्ये रोजची गोष्ट आहे. ‘रूट=/डेव्ह/एमएमसीबीएलके०पी२ रूटवेट’ आणि चालू. रूटवेट विसरलात तर ईएमएमसी (बोर्डवरची स्टोरेज चिप) उठायच्या आत कर्नल पॅनिक, हेही रोजचंच. हिंजवडीत बोर्ड ब्रिंग-अप करणारा कोणीही सांगेल. तिथे हार्डवेअर ठरलेलं, म्हणून ते जमतं. जेंटूभाऊंचं म्हणणं चूक नाही, पत्ता चुकलाय.

खरी शिस्त वेगळीच आहे. आठ-दहा हजार ओळींची .कॉन्फिग गिटमध्ये टाकू नका. मेक सेव्हडेफकॉन्फिग करा, डीफॉल्टपेक्षा वेगळ्या तेवढ्याच ओळी उरतात आणि फरक डोळ्यांनी वाचता येतो. बदलांचे छोटे तुकडे मर्ज_कॉन्फिग.एसएचने जोडा. आणि स्क्रिप्ट्स/कॉन्फिग अवलंबित्व तपासत नाही, नुसती ओळ बदलतं. त्यानंतर ओल्डडेफकॉन्फिग चालवून तुमची ओळ टिकली का ते ग्रेपने बघा. अर्ध्या तक्रारी इथेच मिटतील.

त्रस्त समंध

ओळ टिकत नाही त्याचं कारण सिलेक्ट आणि डिपेंड्स. मेन्यूकॉन्फिगमध्ये (कॉन्फिगच्या मेनूत) पर्याय दिसतच नाही, माणूस डोकं आपटतो. तिरपी रेघ दाबून शोधा, खाली ‘डिपेंड्स ऑन’ मध्ये कोणता घटक ‘एन’ आहे ते लिहिलेलं असतं. सापडला की आकडा दाबून थेट तिथे उडी. झेड दाबलं तर लपलेलेही दिसतात. उलट सिलेक्ट अवलंबित्व न बघताच चालू करतं आणि वर ‘अनमेट डायरेक्ट डिपेंडन्सीज’ म्हणून तुम्हालाच दटावतं. केकॉन्फिग नावाची ही पद्धत २००२ मध्ये आली, डोकं आपटणं तेव्हापासूनचंच.

बिल्डवेडा

बरं, वेगाचं पुन्हा एकदा. ६.१६ मध्ये एक्स८६_नेटिव्ह_सीपीयू आलंय, म्हणजे मार्च=नेटिव्ह (याच सीपीयूसाठी कम्पाइल) अधिकृत झालं. आता तरी?

खडूस खलाशी

कर्नल एसएसई-एव्हीएक्स (एका फटक्यात अनेक आकडे हाताळणाऱ्या सीपीयूच्या सूचना) बंद ठेवून कम्पाइल होतो, मेकफाईलमध्ये एमनो-एसएसई, एमनो-एव्हीएक्स डोळ्यांसमोर आहेत. फ्लोटिंग पॉइंटचे रजिस्टर कर्नलने मनाला येईल तेव्हा वापरायचे नसतात. मग व्हेक्टरायझेशन होणार कशाचं? क्रिप्टो आणि रेड६ मध्ये हाताने लिहिलेलं असेंब्ली आहे, ते चालू सीपीयू बघून बूटच्या वेळी निवडलं जातं, डिस्ट्रोच्या कर्नलमध्येसुद्धा. प्रीएम्प्टचंही (चालू काम मधेच थांबवून दुसऱ्याला सीपीयू देण्याचंही) सांगून टाकतो, कारण पुढचा प्रश्न तोच येणार: प्रीएम्प्ट_डायनॅमिक असेल तर बूट लाइनवर ‘प्रीएम्प्ट=फुल’ लिहा. ५.१२ पासून चालतंय.

बिल्डवेडा

ठीक, वेग तुमचा. ट्रॉफी घरपोच पाठवतो. मॉड्यूल आपोआप लोड होण्याचा मुद्दा मात्र मी सोडलेला नाही. तुमची ती एक ओळ डीसीसीपीला पुरली, उद्याच्या मॉड्यूलचं नाव आज कोणाला माहीत आहे?

खडूस खलाशी

म्हणूनच मॉड्यूल्स_डिसेबल्ड लिहिलं होतं. पेनड्राइव्ह लावायचा असेल तर मग तुम्हीही अडकता आणि मीही. इतपत मान्य.

नवखा

सगळं वाचलं, निम्मं कळलं. एकदा करून बघायचंय. मशीन बिघडू नये म्हणून किमान काय करू?

डोंगल

लोकलव्हर्जन मध्ये ‘-चाचणी’सारखं काही रोमन अक्षरांत द्या, नाहीतर आवृत्ती तीच असेल तर चालू कर्नलच्याच मॉड्यूल्सवर नवे बसतील. मॉड्यूल्स_इन्स्टॉल करताना ‘इन्स्टॉल_मॉड_स्ट्रिप=१’, म्हणजे इनिटरॅमएफएस फुगणार नाही. /बूट वेगळं पार्टिशन असेल तर आधी डीएफने मोकळी जागा बघा. डिस्ट्रोचा कर्नल ग्रबमधून काढू नका. सिक्युअर बूट (साइन केलेलंच बूट होऊ देणारी सोय) चालू असेल तर मोकयुटिलने स्वतःची की नोंदवून त्या कीने कर्नल साइन करा, नाहीतर तो बूटच होणार नाही.

कट्टर जेंटू

आणि इनिटरॅमएफएस?

डोंगल

ठेवा हो. राहू दे.