उमेदवारावर विश्वास कशाच्या जोरावर ठेवता?

पहिलाच_प्रचार:
विधानसभेला एका अपक्ष उमेदवाराच्या प्रचारात पहिल्यांदाच उतरले आहे. काल पत्रकं वाटताना एका आजोबांनी विचारलं, "बाळ, उन्हातान्हात फिरतेस याच्यासाठी, पण माणूस कसा आहे हे तुला काय ठाऊक?" मला उत्तर देता आलं नाही. एक भाषण ऐकलं आणि आवडलं, एवढंच. तुम्ही बरीच वर्षं काम करणारे कशावरून ठरवता?

वहीवाली:
मी मागच्या विधानसभेला ज्यांच्यासाठी फिरले ते पडले. यंदाही त्यांच्यासाठीच फिरते आहे, आणि त्याला कारण एक वही आहे.

दारात गेलं की लोक "मत तुम्हालाच" म्हणतात आणि लगेच गाऱ्हाणं सुरू करतात. ती मी दोनशेपानी वहीत लिहून घ्यायचे. निकाल लागला, मांडववाला खुर्च्या घेऊन गेला, वही माझ्या पिशवीतच राहिली. आठवड्याभराने साहेबांचा फोन आला, "ताई, ती वही घेऊन येता का?"

दोन दिवस बसून आम्ही ती वाचली. काही कामं आमदारकीशिवायही होण्यासारखी होती. मतदार यादीत नाव नाही, मग नमुना ६ भरून द्यायचा. निराधार योजनेचा अर्ज अडलाय, मग तहसीलला खेटे घालायचे. ती मुलांनी वाटून घेतली. बाकीची होण्यासारखी नव्हती, आणि तिथेच मला हा माणूस कळला. ते त्या घरांत "नाही" सांगायला परत गेले.

एका मावशींच्या मुलाला नोकरी हवी होती. प्रचाराच्या धांदलीत मीच बोलून गेले होते, "साहेब बघतील काहीतरी." त्यांच्या दारात उभं राहून साहेब म्हणाले, "मावशी, नोकरी लावून देणं माझ्या हातात नाही. निवडून आलो असतो तरी नसतं. आमच्याकडून तुम्हाला आशा लावली गेली, ती चूक माझी." मी शेजारीच उभी होते. माझं नावही त्यांनी घेतलं नाही. मावशी संतापल्या, दार लावून घेतलं. आम्ही पुढच्या घरी गेलो.

पडलेल्या उमेदवाराला हे करायची काय गरज होती? मतं तर गेलीच होती. त्या दिवसापासून मी कुणाच्याही दारात त्यांच्या नावाने शब्द देत नाही.

खर्चाची_नोंदवही:
ताईंचा अनुभव मोठा आहे, पण प्रत्येकाला पराभवापर्यंत थांबता येत नाही. मी हिशेब सांभाळतो, म्हणून माझी खूण वेगळी. विधानसभेला आपल्या राज्यात खर्चाची मर्यादा ४० लाख, निवडणुकीसाठी स्वतंत्र बँक खातं, रोजची नोंदवही, आणि निकालानंतर ३० दिवसांत हिशेब सादर करायचा. पूर्वी एकाकडे काम केलं, तिथे बारा गाड्या धावायच्या आणि मला पाच लिहायला सांगायचे. तिसऱ्या दिवशी वही त्यांच्या टेबलावर ठेवून आलो. जो आयोगाला खोटी वही दाखवतो तो मतदाराला खरं का सांगेल?

तू आधी त्यांचं नमुना २६चं प्रतिज्ञापत्र वाच. गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण सगळं त्यात द्यावं लागतं, आणि ते आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतं.

वहीवाली:
हे अगदी खरं. आमच्या साहेबांवर रास्ता रोकोचा एक गुन्हा आहे. अर्ज भरायच्या आदल्या रात्री सगळ्यांना बसवून त्यांनी स्वतः तो वाचून दाखवला. म्हणाले, विरोधकांकडून कळण्याआधी माझ्याकडून ऐका.

पहिलाच_प्रचार:
प्रतिज्ञापत्र आताच वाचलं. एक खटला प्रलंबित आहे, आमच्यापैकी कुणालाच त्यांनी सांगितलेलं नाही. संध्याकाळच्या बैठकीत सगळ्यांसमोर विचारणार आहे. ते काय उत्तर देतात ते ऐकल्याशिवाय आजोबांच्या दारात पुन्हा जाणार नाही.

वहीवाली:
विचारच. आणि उत्तर जसंच्या तसं लिहून घे.