केबलवरून रेकॉर्ड केलेली जुनी कार्टून्स: कॅसेटींना बुरशी आलीय, डिजिटल कशी करू?

नौपाडेकर
घरात नव्वदच्या दशकातल्या व्हीएचएस कॅसेटी आहेत. ‘जंगल बुक’चे रविवारचे भाग, केबलवरची दुपारची कार्टून्स, सगळं जाहिरातींसकट. दोन कॅसेटींच्या फितीवर पांढरे ठिपके दिसतायत. व्हीसीआर चालू आहे. सुरुवात कुठून करू? आणि भाग नेटवर मिळत असतील तर एवढा खटाटोप करावा का?

कोपरीकर
कराच. ‘जंगल बुक’ मूळ जपानी, १९८९ची, ५२ भागांची. पण नाना पाटेकरांचा शेरखान आणि गुलजार-विशाल भारद्वाज यांचं शीर्षकगीत फक्त आपल्या हिंदी आवृत्तीत. एप्रिल २०२० मध्ये दूरदर्शनने ती पुन्हा दाखवली, पण तेव्हाच्या जाहिराती आणि केबलवाल्याची खालून सरकणारी पट्टी तुमच्याच फितीवर आहे. त्यामुळे मधलं काहीही कापू नका.

ठिपकेवाल्या कॅसेटी चांगल्या व्हीसीआरमध्ये अजिबात घालू नका. बुरशी हेडवर (व्हीसीआरच्या फीत वाचणाऱ्या भागावर) बसते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. त्या वेगळ्या काढून सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यात ठेवा. खाडीकाठच्या दमट हवेत पावसाळ्यात हे काम काढूच नका. बुरशी कोरडी पडली की भंगारातल्या व्हीसीआरचं झाकण काढून फीत पुढे पळवा आणि धागे न सुटणारं कापड तिला हलकं टेकवून ठेवा. तोंडाला मास्क हवाच.

ऐरोली_सेक्टर
कॅसेटच्या कडेची प्लास्टिकची टिकली आधी तोडा, म्हणजे चुकून वर रेकॉर्डिंग होणार नाही. मग फीत एकदा शेवटपर्यंत नेऊन परत आणा, चिकटलेले थर सुटतात.

हेड साफ करायला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि शॅमॉय चामड्याची काडी. काडी स्थिर धरायची आणि ड्रम (हेड बसवलेला गोल भाग) हाताने फिरवायचा. वर-खाली घासलंत तर हेड तुटलंच म्हणून समजा. कापसाची काडी नको, तिचे धागे अडकतात.

कॅप्चर, म्हणजे संगणकात उतरवणं, पाल-बी (आपल्याकडची टीव्हीची पद्धत), ७२०×५७६, सेकंदाला २५ फ्रेम. हफवाययूव्ही या दर्जा न घटवणाऱ्या फॉरमॅटमध्ये तासाला साधारण ३० जीबी लागतात, तेव्हा डिस्क मोकळी ठेवा.

नौपाडेकर
धन्यवाद! एका चांगल्या कॅसेटवर करून पाहिलं. अर्ध्या तासाने आवाज आणि ओठ जुळत नाहीत आणि हालचालीत आडव्या रेघा दिसतात.

ऐरोली_सेक्टर
फ्रेम गळतायत. व्हीसीआर लॅपटॉपला जोडणारी कॅप्चरची डोंगल यूएसबी हबमधून काढून थेट लॅपटॉपला लावा, पॉवर सेव्हिंग आणि अँटीव्हायरस बंद करा. तरीही गळत असतील तर फितीचा सिग्नल डळमळतोय, मध्ये टाइम बेस करेक्टर (सिग्नल स्थिर करणारं यंत्र) लागेल.

रेघा हा दोष नाही, पालचं चित्र इंटरलेस्डच असतं, म्हणजे एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांची एक फ्रेम. मूळ फाइल तशीच जपा. पाहायच्या प्रतीत बीडब्ल्यूडिफ या रेघा काढणाऱ्या फिल्टरने सेकंदाला ५० फ्रेम करा. २५ केलेत तर हालचाल अडखळते.

कोपरीकर
आणि चित्र ४:३च ठेवा. टीव्ही भरावा म्हणून ताणलंत तर बगीरा बुटका दिसेल. खालच्या कडेची थरथरणारी पट्टी व्हीसीआर एका हेडवरून दुसऱ्यावर जाताना येते. ती कापू नका, वरून काळी पट्टी टाका. दुहेरी सावल्या मात्र केबलच्या सिग्नलमधूनच फितीवर आल्यात, त्या जाणार नाहीत.