मालिका 'गुंडाळली', 'आवरती घेतली' की 'बंद केल्यानी'?

खाडीकाठची:
एक विचारायचंय सगळ्यांना. टीव्हीवरची एखादी मालिका थांबली की आपण कितीतरी शब्द वापरतो, संपली, बंद झाली, बंद पडली, आटोपली, आवरती घेतली, गुंडाळली, आणि चॅनलवाले स्वतः म्हणतात 'प्रेक्षकांचा निरोप घेतेय'. ह्या सगळ्यांचा अर्थ एकच आहे का? मला तरी नाही वाटत. पण बातम्यांमध्ये सर्रास काहीही लिहितात, चार वर्षं चालून नीट शेवटाला पोचलेली पण 'गुंडाळली' आणि तीन महिन्यांत घालवलेली पण 'गुंडाळली', आणि त्याच बातमीत खाली परत 'निरोप'.

आमच्या घरी आत्याची रात्री आठची मालिका ठरलेली होती, नाव नको. एका मुलीचं लहानपणी पळवलेलं बाळ, हा त्यातला पहिल्या दिवसापासूनचा धागा. पावसाळ्यात डिशला सिग्नल नसला की आत्या वरच्या वाडीत फोन करून विचारायची, "मगे त्या चेडवाचा काय झाला?" (चेडू म्हणजे मुलगी) आणि मग एकाच आठवड्यात, सोमवारी बाळ सापडलं, मंगळवारी जिने ते पळवलं होतं ती काकी देवघरासमोर बसून रडली आणि सगळं कबूल करून मोकळी झाली, बुधवारी वकील कागद घेऊन आला आणि गेलेलं घर परत मिळालं, की गुरुवारी सगळं कुटुंब एका रांगेत उभं राहून हात जोडून कॅमेऱ्याकडे बघतंय! काकीने ते बाळ का पळवलं, हे वर्षभर दाबून ठेवलेलं होतं ते शेवटपर्यंत कुणी सांगितलंच नाही. आत्या म्हणाली, "तीन दिसात सगळा सपवल्यानी, ह्या काय खरा न्हय."

आता माझं म्हणणं असं, की 'गुंडाळणे' हा शब्द ह्याच प्रकाराला राखून ठेवावा. आपण चटई गुंडाळतो, वळकटी गुंडाळतो, गाशा गुंडाळतो. गाशा फारसीतून आलाय, मुळात घोड्याच्या खोगिरावर टाकायचं कापड, म्हणजे गाशा गुंडाळला म्हणजे मुक्काम उठला. गुंडाळताना आत काय राहिलंय ते कुणी बघत बसत नाही, वरून दोरी मारली की झालं. काकीचं कारण तसंच आत राहिलं. ह्याला 'संपली' कसं म्हणायचं?

बांद्याची माहेरवाशीण:
ताई, तुमच्या आत्यांच्या वाक्यातच खरी गंमत आहे. आमच्या मालवणीत 'सपली' वेगळी आणि 'सपवल्यानी' वेगळी. 'सपली' म्हणजे आपसूक, डब्यातलं तेल सपतं तशी. 'सपवल्यानी', 'बंद केल्यानी' म्हटलं की कुणीतरी ते केलंय हे क्रियापदातच येतं, कोण ते नाव घ्यायची गरजच नाही. प्रमाण मराठीत आपण 'बंद झाली' किंवा 'बंद पडली' म्हणतो, त्यात करणारा गायबच. 'बंद पडली' तर जणू पंपच बंद पडलाय, कुणाचा काही दोष नाही. माझी आई कधीच 'बंद पडली' म्हणत नाही, ती 'बंद केल्यानी' असंच म्हणते आणि रागाने म्हणते. 'निरोप घेतेय' तर अजून पुढचं, त्यात मालिका स्वतःच्या पायाने चालत निघाल्यासारखी वाटते.

आणि 'रद्द' कुणी म्हणत नाही हे लक्षात आलं का? गाडी रद्द होते, सभा रद्द होते, म्हणजे जे व्हायचंय ते. सुरू असलेल्या कार्यक्रमाला आपण सहसा 'रद्द' म्हणत नाही.

पायपेटी:
'आवरतं घेणे' ह्या शब्दाला तुम्ही सगळ्यांबरोबर एकाच पिशवीत टाकलंत, त्याबद्दल मला बोलायचंय, कारण हा शब्द मी लहानपणापासून जत्रेत ऐकत आलोय. आमच्या काकांची पेटीची साथ असायची दशावतारात.

दशावतार म्हणजे आमच्याकडचं रात्रभर चालणारं लोकनाट्य, ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. जत्रेला पालखीची प्रदक्षिणा झाली की रात्री उशिरा खेळ उभा राहतो, आधी आडदशावतार, म्हणजे गणपती, रिद्धीसिद्धी, सरस्वती, संकासूर वगैरे, आणि मग आख्यान, म्हणजे त्या रात्रीची मुख्य गोष्ट. आख्यानाचे संवाद लिहिलेले नसतात, आज कुठलं लावायचं ते बऱ्याचदा तिथे पोचल्यावर ठरतं, मग कोण कुठलं सोंग करणार ते ठरवून गोष्टीचा सांगाडा बोलून घेतात आणि रंगमंचावर गेलं की ज्याची त्याची जीभ. पण एक गोष्ट पक्की असते, उजाडताना दहीकाला, म्हणजे दहीहंडी फोडून खेळ संपवायचा. त्यामुळे रात्रभर घड्याळ बघत गोष्ट चालते. एखाद्या राजाचं आणि नारदाचं संभाषण रंगलं, लोक ओरडून दाद देतायत, तर तेच पाऊण तास चालेल. मग पुढे वेळ कमी पडली की पेटीवरून इशारा जातो, आत पडद्यामागे निरोप जातो, 'आवरता घेवा'. मग काय कापतात? दुसरी लढाई कापतात, वनातला एक प्रवेश कापतात, सेवकाची गंमत कापतात. राक्षसाचा वध कधी कापत नाहीत. ज्या बाईवर अन्याय झालाय तिला न्याय मिळायचा तो प्रवेश कापत नाहीत. तो झाल्याशिवाय दहीकाला होतच नाही आणि केला तर लोक उठणारच नाहीत जागेवरून.

तर आवरतं घेणे म्हणजे मधलं कमी करून शेवटाला जागा करणे. गुंडाळणे म्हणजे शेवटच कमी करणे. माझ्या मते हे जवळजवळ विरुद्ध शब्द आहेत आणि लोक ते एकाच अर्थाने वापरतात ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

खाडीकाठची:
पायपेटी दादा, हे फार नेमकं सांगितलंत. माझ्या यादीतून 'आवरती घेतली' वेगळं काढते.

स्लॉट साडेसात:
मी काही वर्षं मुंबईत ह्या धंद्यात काढली, आता गावी गुहागरला आहे, तर तिकडचे शब्द सांगतो. तिथे कुणी गुंडाळणे म्हणत नाही, 'ट्रॅक क्लोज करा' म्हणतात. मालिकेत एका वेळी तीनचार ट्रॅक, म्हणजे कथेचे धागे, चालू असतात, चॅनलकडून कळलं की अमुक तारखेला स्लॉट, म्हणजे ती ठरलेली वेळ, नव्या मालिकेला जाणार, की लेखकांना सांगायचं सगळे ट्रॅक क्लोज करा. डेली सोपला बऱ्याचदा कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. ज्याने काकीचं कारण मनात धरून ठेवलेलं असतं तो कथालेखक तोपर्यंत बदललेलाही असतो. उरलेल्या भागांत काय बसेल तेवढं बसवतात.

आणि बंद का होते, तर 'कुणी बघत नाही' एवढंच कारण नसतं. चॅनल प्रेक्षकाला मालिका विकत नाही, जाहिरातदाराला स्लॉट विकतं. नियमाने तासाला 12 मिनिटं जाहिरात, त्यातच मोठी कमाई. दर गुरुवारी रेटिंग येतं, मग समोरच्या चॅनलवर त्याच वेळेला काय आहे, मागच्या मालिकेचा किती प्रेक्षक ह्या मालिकेपर्यंत टिकला, हे बघतात. खर्च जास्त आणि नंबर मध्यम असेल तर लोकांना आवडणारी मालिका पण जाते. कोकणात शूट म्हणजे अख्खं युनिट राहायला जेवायला, मुंबईतल्या बंगल्यात तो खर्च नाही. जायची खूण म्हणजे वेळ बदलणे, आठची साडेदहाला टाकली की समजायचं.

अजून एक, आपल्या गावाकडच्या लोकांना माहीत नसतं म्हणून लिहितो. रेटिंग म्हणजे सगळ्यांची मोजणी नाही. देशभरात 50,000 च्या वर घरांत मीटर आहेत आणि त्यावरून सगळ्या देशाचा अंदाज. हे रेटिंग काढणारी संस्था बार्क 2015 ला आली, आणि खेड्यांचे आकडे त्याच वर्षी ऑक्टोबरपासून धरायला लागले. ते आकडे आल्यावर हिंदीत फुकट दिसणारी चॅनलं एकदम वर आली, म्हणजे लोक बघतच होते, मोजत कुणी नव्हतं. आपल्या आजीआत्या कित्येक वर्षं त्या हिशोबात नव्हत्याच.

आंबा मोहोर:
पण मग प्रेक्षकांचा काहीच दोष नाही का? आपणच तर लांबण लावायला लावतो. 'चार दिवस सासूचे' 2001 ते 2013 चालली, 3000 च्या वर भाग, लोकांनी बघितली म्हणूनच ना. मग 'पाणी घातलं' म्हणून ओरडायचं आणि बंद झाली की 'बंद केली' म्हणून ओरडायचं, लोकांना नक्की हवंय काय?

खाडीकाठची:
प्रश्न बरोबर आहे आणि मला त्याचं मनापासून उत्तर द्यायचंय. मला वाटतं लोकांना लांब किंवा आखूड काहीच नको असतं, त्यांना सुरुवातीला जो प्रश्न विचारला त्याचं उत्तर हवं असतं. 'रामायण' दूरदर्शनवर जानेवारी 1987 ला सुरू झालं, मंजुरी 52 भागांची, मग वाढवत वाढवत 78 वर गेलं आणि जुलै 1988 मध्ये राज्याभिषेकावर थांबवलं. गोष्ट गोड जागी थांबली होती, तरी लोक गप्प बसले नाहीत. सीतेचं पुढे काय, लवकुश कुठे? वाल्मिकींना आपले मानणाऱ्या सफाई कामगारांनी पंजाबात जालंधरला संप केला, तो पसरला, आणि शेवटी 'उत्तर रामायण' करावं लागलं. ही गोष्ट प्रत्येकाला आधीच पाठ होती बरं का! शेवट माहीत नव्हता म्हणून नाही मागितला, सांगायचा राहिला होता म्हणून मागितला. त्यांच्या दृष्टीने गोष्टीतला त्यांचा माणूसच बाहेर राहिला होता.

पाणी घालण्याबद्दल पण तेच. दशावतारातला पाऊण तासाचा संवाद लोकांना पाणी वाटत नाही कारण त्यात राजा कसा आहे ते उलगडत जातं. मालिकेत एकाच थपडेवर तीन वेळा कॅमेरा फिरतो, सगळ्यांचे चेहरे दाखवतात आणि ब्रेक, त्यात कळत काहीच नाही, ते पाणी. लांबी सारखीच असेल पण एकात भर पडते.

बांद्याची माहेरवाशीण:
ह्यात 'रात्रीस खेळ चाले' घ्यायलाच हवी. फेब्रुवारी 2016 ला झी मराठीवर सुरू झाली आणि त्याच वर्षी संपली, शूट आमच्या सिंधुदुर्गातल्या आकेरीला. इथे सुरुवातीला विरोध झाला होता, कोकण म्हणजे नुसती भुतंखेतं आणि करणी असं दाखवतायत म्हणून, आणि तो राग खोटा नव्हता. पण पांडूची, माईची मालवणी रोज अख्ख्या महाराष्ट्राने ऐकली हेही तेवढंच खरं, आणि तो वाडा बघायला गाड्या भरून लोक यायला लागले. पहिली मालिका सुरूच होते घरातले कर्ते अण्णा नाईक ह्यांच्या मरणाने, आणि 2019 ला दुसरी आली ती मागे गेली, अण्णा जिवंत असतानाची. मेलेला माणूस कसा होता हे लोकांना बघायचं होतं, शेवंता कोण होती ते बघायचं होतं. पहिलीतला प्रश्न आधीच डोक्यात होता म्हणून दुसरी एवढी चालली असं मला वाटतं, भुतांमुळे नाही. भुतं तर बाकीच्यांकडे पण होती.

ह्याला बघा आम्ही 'पर्व' म्हणायला लागलो. हा शब्द मला आवडतो कारण महाभारतात प्रत्येक पर्वात काहीतरी होऊन पूर्ण होतं आणि पुढचं पण येतं. पण हल्ली मोबाईलवरच्या आठ भागांच्या सिरीजला सुद्धा 'पहिलं पर्व' लावतात, शेवटच्या मिनिटाला कुणीतरी दार उघडतं, बंदूक दिसते, काळा पडदा. आणि दुसरं येतच नाही. माझा मुलगा इंग्रजी बघतो तो म्हणतो तिकडे हे नेहमीचंच, अमेरिकेतली 'फायरफ्लाय' 2002 ला आली, 14 भाग बनवले होते, दाखवले 11 आणि ते पण उलटसुलट क्रमाने, मग काढूनच टाकली. तिच्या चाहत्यांनी एवढं लावून धरलं की 2005 ला सिनेमा काढून गोष्ट पुरी करावी लागली. म्हणजे तिकडचे लोक पण आपल्यासारखेच.

स्लॉट साडेसात:
दूरदर्शनच्या जुन्या पद्धतीत एक बरं होतं, बऱ्याचदा 13 भागांची मंजुरी, नाहीतर 52. लेखकाला पहिल्या दिवशी माहीत की तेराव्याला पोचायचंय. डेलीमध्ये लेखकाला शेवटची तारीख माहीतच नसते, आणि कळते तेव्हा हातात दोनतीन आठवडे. माझं मत विचाराल तर निदान सहाआठ आठवडे आधी सांगायला पाहिजे, तेवढ्यात कुठलाही बरा लेखक आवरतं घेऊ शकतो, गुंडाळायची वेळ येत नाही. चॅनलला हे जमत नाही असं नाही, स्लॉट कधी सोडायचा ते त्यांचं बऱ्यापैकी आधी ठरलेलं असतं.

आंबा मोहोर:
ठीक, पटलं. मग 'आटोपली' कुठे बसवायची?

पायपेटी:
आटोपणे मला कामाचं वाटतं, पूजा आटोपली, जेवणं आटोपली, लग्न आटोपलं. नीट झालं, उरकलं, आता भांडी घासायला मोकळे. गोष्टीला तो शब्द लावला की करणाऱ्याला ती कधी एकदा संपते असं झालं होतं असा वास येतो. त्यापेक्षा 'उरकली' सरळ आहे.

खाडीकाठची:
बरोबर. म्हणजे उरकली आणि गुंडाळली शेजारी शेजारी, पण उरकलीत निदान सगळे विधी झालेले असतात.

अजून एक राहिलं. सिंधुदुर्गात काय म्हणतात ते आलं, पण वर अलिबाग, मुरुडकडे आगरी आणि कोळी बोलीत मालिका बंद 'केली' ह्याला काय म्हणतात, आणि त्यातही मालवणीसारखं करणारा क्रियापदातच दिसतो का? तिकडचं कुणी असेल तर घरात आजीने नेमकं जे वाक्य म्हटलं ते जसंच्या तसं लिहा, प्रमाण करून नको.