रिटायर झाल्यावर 'काहीतरी' केलंच पाहिजे का?

कालवा_६५ (धागाकर्ता)

३१ मे २०२३ ला मी सेवानिवृत्त झालो. आई सांगायची त्याप्रमाणे माझा जन्म पोळ्यानंतरचा, भाद्रपदातला. पण शाळेत घालताना गुरुजींनी दाखल्यावर १ जून लावली. असे १ जूनवाले आमच्याकडे इतके, की त्या दिवशी चौघांचा निरोप समारंभ एकाच मांडवात उरकला. शाल, श्रीफळ आणि सफारीचं कापड. ती सफारी शिवून घालून जायचं कुठे, ते मात्र कुणी सांगितलं नाही.

नोकरी ३४ वर्षं, पाटबंधारे खात्यात. त्यातली बरीचशी नीरा डाव्या कालव्यावर, शेवटी कालवा निरीक्षक. शेजपाळीने पाणी द्यायचं म्हणजे शेताच्या पाळ्या लावून टेलकडून, कालव्याच्या शेवटच्या टोकाकडून, सुरुवात करून वर यायचं. टेलच्याला पाणी पोचलं नाही की शिव्या मला, आणि हेडवाल्याचं दार बंद केलं की त्याच्याही शिव्या मलाच. उन्हाळी आवर्तनात, म्हणजे कालव्याला पाणी सोडलेलं असताना, रात्री दोनला फोन यायचा, "साहेब, पाट फुटलाय." बॅटरी घेऊन निघायचं. मुलीच्या बारशाच्या दिवशीसुद्धा मी चारीवरच होतो.

आता सकाळी साडेपाचला जाग येते ती येतेच. चहा होतो, पेपर येतो, मी ओट्यावर बसतो. पेपर टेंडर नोटिशींसकट वाचतो. जेवण, झोप, परत चहा, परत ओटा. रस्त्यावरून कोण गेलं, कोण आलं ते बघतो. मला हे मनापासून आवडतं.

पण लोकांना बघवत नाही. मुलगी पुण्याहून याद्या पाठवते: योगा करा, बासरी शिका, ट्रेकला जा. पुतण्याला मी विमा एजंट व्हायला हवाय. पतसंस्थेवाले संचालक व्हा म्हणून दोनदा येऊन गेले. भेटेल तो पहिला प्रश्न हाच विचारतो, "मग सध्या काय करता?" काही नाही म्हटलं की समोरच्याचा चेहरा असा होतो, जणू मी आजार सांगितला.

३४ वर्षं दुसऱ्याच्या पाळीने जगलो. आता माझी पाळी आहे, तर ती 'सत्कारणी' लागलीच पाहिजे असं का? मोकळा वेळ मोकळाच ठेवला तर काय बिघडतं? मतं सांगा. उपदेश नको.

---

मोडी_लागली

उपदेश करत नाही, माझं सांगतो. बँकेतून साठाव्या वर्षी निवृत्त झालो, पुण्यात असतो. पहिले सहा महिने मीही तुमच्यासारखाच 'मोकळा' होतो. एक दिवस लक्षात आलं, आपण दर तिसऱ्या दिवशी पासबुक भरायला शाखेत जातोय. खात्यात नवीन नोंद काय, तर मागच्या वेळी काढलेले हजार रुपये. काउंटरवरची मुलगी पहिल्यांदा हसून बोलली. नंतर तिने मान वर न करता मशीनकडे बोट दाखवलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीच्या वर्गाला बसलो. इतिहासाचं प्रेम वगैरे काही नव्हतं. घरापासून चालत जाता येतं, एवढंच. मोडीत आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढतात आणि अक्षरं तिला टांगत जातात. दोन शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब नाही, लेखणी शक्यतो उचलायची नाही. पहिला महिनाभर समोर नुसत्या शेवया दिसायच्या. एके दिवशी त्या शेवयांतून 'विहीर' हा शब्द उठून दिसला आणि मी वर्गात मोठ्याने "विहीर!" म्हणालो. नोकरीत मला असा आनंद एकदाही झाला नव्हता.

२०२३ मध्ये कुणबी नोंदी तपासायला न्या. शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मोडी वाचणारे कमी पडू लागले. तेव्हापासून लोक माझ्याकडेही जुनी खरेदीखतं, वाटणीपत्रं घेऊन येतात. त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे. ओटा वर्षभर चांगला वाटतो. दुसऱ्या वर्षी तो पासबुकाच्या रांगेत नेऊन उभा करतो.

---

कालवा_६५

साहेब, राग मानू नका, पण तुम्ही दुसरी नोकरीच शोधलीत. फक्त पगार नाही. लोकांनी कागद घेऊन दारात यावं, ही तुमची भूक होती आणि ती भागली. मला ती भूक नाही. माझ्या दारात लोक ३४ वर्षं आले, बहुतेक भांडायलाच.

---

मोडी_लागली

भूक होती, मान्य. तुम्हाला नाही म्हणता, मग धागा कशाला काढलात?

---

रिंगफ्रेम

दोघं सायेब निवांत बोलायलाय, म्हणून मधे बोलतो. मी इचलकरंजीचा. सूतगिरणीत २६ वर्षं रिंगफ्रेम खात्यात. आमची पेन्शन ईपीएस ९५ ची, म्हणजे पीएफवाली. किमान हजार रुपये २०१४ साली ठरले, त्याच्यावर महागाई भत्ता नावाची गोष्ट नाही. मला २,३०० मिळतात. पहिल्या महिन्याला जेवढे मिळाले तेवढेच आज. गॅस टाकी आणि बायकोच्या बीपी-शुगरच्या गोळ्या, झालं.

त्यामुळं मी 'काहीतरी' करतो. अपार्टमेंटच्या गेटवर रात्रपाळी वॉचमन. छंद म्हणून नव्हे. खुर्चीवर बसून रस्ता बघायचा, तुम्ही ओट्यावर करता तेच काम. तुमच्याकडं त्याला विसावा म्हणतात, आमच्याकडं डोळा लागला की दिवसाचा पगार कापतात.

फावल्या वेळाचं काय करावं, ही चर्चा महिन्याच्या एक तारखेला खात्यात पेन्शन पडणाऱ्यांची आहे. चालू द्या.

---

कालवा_६५

यावर माझ्याकडे उत्तर नाही. महागाई भत्ता जाहीर झाला की मी पेपरात पहिली तीच बातमी वाचतो, हे खरं आहे.

---

थोरला_मुलगा

धागाकर्त्या काकांना माझा पूर्ण पाठिंबा. कारण आमच्या वडिलांनी 'काहीतरी' केलं.

रिटायर झाल्यावर पेन्शनच्या ४० टक्क्यांचं अंशराशीकरण केलं. एकरकमी पैसे आले. तेवढी पेन्शन आता १५ वर्षं कापलेलीच राहणार. 'डोकं चालतं राहिलं पाहिजे' म्हणून ते मोबाइलवर शेअर मार्केट शिकले, आणि शेअरवर न थांबता ऑप्शनवर, म्हणजे भाव चढेल की पडेल याच्या सौद्यांवर गेले. सकाळी सव्वानऊला अंघोळ करून, गंध लावून मोबाइलपुढे बसायचे. आईला वाटायचं, बरं झालं, मन रमलं. मन रमलं ते अकरा महिने. तेवढ्यात साडेसात लाख गेले.

शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने २०२४ मध्ये आकडे दिले होते, या फ्युचर-ऑप्शनमध्ये तीन वर्षांत १०० पैकी ९३ वैयक्तिक गुंतवणूकदारांचं नुकसान झालं. मी ते वडिलांना दाखवलं तर म्हणाले, "सात जणांचं होतं ना?" तीच रक्कम ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाकून ते ओट्यावर बसले असते, तर तिमाहीला व्याज येत राहिलं असतं. आता आई-वडील एकमेकांशी जेवढ्यास तेवढं बोलतात. रिकामं बसण्याने आजवर कुणाचं घर बुडालेलं मी ऐकलेलं नाही.

---

शिवार

आमच्या अण्णांचं वय ७८. अजून रोज रानात. रिटायर हा शब्द आमच्या घरात फक्त बैलासाठी वापरला. पण ७५ वर्षांवरच्यांना २०२२ पासून एसटी फुकट झाली ना, तेव्हापासून अण्णा आठवड्यातून एकदा तालुक्याला जातात. बाजार नाही, काम नाही. स्टँडवर बसतात, चहा पितात, त्याच गाडीने परत. काय केलं विचारलं तर म्हणतात, "गेलो नि आलो." तेव्हा धागाकर्त्यांना +१.

---

डबे_कुठेत

एवढे पुरुष बोलले. एकानेही विचारलं नाही की ओट्यावर चहा येतो कुठून. "चहा होतो" असं लिहिलंय धागाकर्त्यांनी. पाऊस होतो तसा होतो का चहा?

आमचे हे दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. तोवर सकाळी दहा ते संध्याकाळी सहा घर माझं होतं. रेडिओ, फोन, दुपारी जमिनीवर उशी टाकून अर्धा तास. एका सोमवारी मी भाजी घेऊन आले, तर ह्यांनी स्वयंपाकघरातले सगळे डबे उंचीप्रमाणे लावले होते आणि वर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. 'मोहरी', 'जिरे', 'इतर'. तीस वर्षं माझा हात न बघता हळदीवर जायचा, त्या दिवशी तो 'इतर'वर गेला. मी नुसती उभी राहिले. ह्यांना वाटलं, मला आनंद झाला.

नंतर मागे उभं राहून सूचना सुरू. गॅस बारीक कर, कुकरची तिसरी शिट्टी झाली, झाकण ठेव.

मला नवरा ओट्यावर हवाय की मोडीच्या वर्गात, हा प्रश्नच नाही. मला विचारायचंय, मी किती तारखेला निवृत्त झाले? माझा मांडव कुठे पडला होता? मी माझ्यापुरतं उत्तर काढलंय. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालं. दर गुरुवारी सकाळी मी आणि शेजारच्या दोघी निघतो. कधी नृसिंहवाडी, कधी औदुंबर, कधी नुसतं मैत्रिणीच्या गावी. सांगून जाते, विचारून नाही. गुरुवारी ह्यांनी काय खायचं ते ह्यांनी बघायचं. पहिल्या गुरुवारी ह्यांनी चिवडा खाल्ला, आता पिठलं जमतं. भात अजून खाली लागतो.

---

मोडी_लागली

ताई, बायको आत्ता हे माझ्या खांद्यावरून वाचून हसतेय. मी वर्गाला जायला लागलो तेव्हा माझ्यापेक्षा तिलाच जास्त आनंद झाला होता. इतकी वर्षं मला वाटत होतं, तो माझ्या प्रगतीचा आनंद आहे.

---

एडिसनहून_आजोबा

आम्ही दोघं सध्या न्यू जर्सीत, लेकीकडे. सहा महिन्यांसाठी आलोय. नातू आठ महिन्यांचा. 'आराम करायला या' म्हणून बोलावलं होतं. सकाळी सातला तो मांडीवर येतो तो रात्री आठला उतरतो. जावई भला माणूस आहे, तक्रार नाही. पण बाहेर बर्फ, गाडी चालवता येत नाही, ओटा नावाची गोष्टच नाही. रस्त्याने माणूस जाताना दिसला तर आम्ही दोघं खिडकीशी जातो. धागाकर्त्यांचा ओटा वाचून गलबलून आलं. विषयाला धरून मत विचाराल तर, बाळ उठलं, नंतर लिहितो.

---

कालवा_६५

चार दिवसांनी येतोय. 'डबे_कुठेत' ताईंच्या प्रतिसादावर आधी एक लांबलचक उत्तर लिहिलं होतं. मी डब्यांना हात लावत नाही, सूचना देत नाही, वगैरे. मग ते पुसलं आणि बायकोला विचारलं, "माझ्या बसण्याचा तुला त्रास होतो का?"

मला वाटलं चहाचं काढेल. चार वेळा होतो, मोजला. तर म्हणाली, "चहाचं काही नाही. पण तुम्ही ओट्यावर बसता म्हणून बायका येत नाहीत."

मला कळेना, कोणत्या बायका? तर तीस वर्षं दुपारी दोन ते चार आमच्या ओट्यावर गल्लीतल्या पाच-सहा जणी बसायच्या. गहू निवडणं, वाती वळणं, सुनांच्या तक्रारी, सगळं तिथे. मी त्या वेळी कालव्यावर, मला कुठून माहीत? मी रिटायर झालो आणि जूनपासून ओटा बंद. एक-दोघी आल्या, मला पाहून पदर सावरून "नंतर येते" म्हणून गेल्या, त्या परत आल्या नाहीत. आता हिला कुणाची खबर कळायची तर लग्नकार्यातच. दोन वर्षं तिने मला हे सांगितलं नाही. का सांगितलं नाहीस, तर म्हणे, "तुम्ही एवढे खूश होता."

माझं मत अजून तेच आहे, बासरी शिकणार नाही. फक्त दुपारी दोनला मी घराबाहेर पडतो.

---

डबे_कुठेत

भाऊ, बायका आल्या का परत?

---

कालवा_६५

पहिले दोन दिवस कुणी नाही. तिसऱ्या दिवशी मी साडेचारला आलो तर ओट्यावर गव्हातले खडे पडले होते.

---

मोडी_लागली

आणि तुम्ही दोन ते चार असता कुठे?

---

कालवा_६५

कालव्याच्या पुलावर. आवर्तन चालू आहे, पाणी बघत बसतो. काल पाटकऱ्याने सायकल थांबवून विचारलं, "साहेब, तपासणी आहे का?" नाही म्हटलं.

---

मोडी_लागली

म्हणजे शेवटी कालव्यावरच गेलात की हो!

---

कालवा_६५

पाणी मोजायच्या गेजपट्टीकडे पाठ करून बसतो.