मदत हवी आहे : उन्हाने न बदलणारी काडतुसाची दारू कोणती?

कातळनेम (रत्नागिरी)
ज्यांना खरंच माहीत आहे त्यांनीच लिहा, रायफल नेमबाजीची स्पर्धा तोंडावर आली आहे. थंडीत सकाळी केलेला झिरो, म्हणजे नेम मध्यावर लागेल अशी जुळवलेली साईट, आता दुपारी टिकत नाही. गोळ्यांचा गट तेवढाच लहान येतो, पण सगळाच्या सगळा वर सरकतो. दारू तापली की असं होतं, असं वाचलं. व्हर्गेट, एच ४३५० आणि एन १५० ही दारूची नावं काढून ठेवली आहेत. यातली सगळ्यात स्थिर कुठली, आणि काडतुसं भरून घ्यायला खर्च किती?

खाडीकाठ
रायफल कुठली? अंतर किती? वर म्हणजे नेमकं किती वर? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

ब्रिस्बेनचा मालवणी
मी इथे परवान्यावर ३०८ रायफलीची काडतुसं स्वतः भरतो, म्हणून लिहितो. डोळे मिटून व्हर्गेट घ्या. ती आणि एच ४३५०, दोन्ही आमच्या ऑस्ट्रेलियातच, न्यू साऊथ वेल्समधल्या मुलवालाला बनतात. इथे त्याच एआर २२०८ आणि एआर २२०९ या नावांनी मिळतात. दारू गरम असली की लवकर जळते, दाब चढतो, गोळीचा वेग वाढतो. चांगल्या दारूत हा फरक दर अंश सेल्सिअसला सेकंदाला फूटभर किंवा त्याहून कमी असतो, तर काही गोल दाण्यांच्या दारूत तीन फुटांपर्यंत जातो. पारा बराच चढला तर हजार यार्डांवर तेवढ्याने गोळी निशाणाबाहेरही जाते. आणि हे फक्त नेमापुरतं नाही. थंडीत दाबाच्या मर्यादेच्या अगदी कडेपर्यंत बसवलेला दारूचा भार उन्हाळ्यात धोक्याच्या दाबावर जातो.

आंबाबाग
व्हर्गेट नेहमी मिळते का तिकडे? माझा भाऊ फिनलंडच्या विहटावुओरीची एन १५० वापरतो, तीही तितकीच स्थिर आहे.

ब्रिस्बेनचा मालवणी
एन १५० ला नाव ठेवत नाही. पण माझ्या नोंदींत व्हर्गेटच सरस.

कातळनेम
अहो, ५० मीटर प्रोन, पालथं पडून मारायचा प्रकार. म्हणजे पॉइंट टू टूच (.२२ ची रायफल) असणार ना! गोळ्या एक रिंग वर जातात, कधी दीड. आता दारूचं सांगा.

खाडीकाठ
मग प्रश्नच मिटला. पॉइंट टू टूमध्ये पेटवणारा मसाला काडतुसाच्या काठात असतो. एकदा पिन काठावर आदळली की तो काठ चेपतो. ते काडतूस पुन्हा भरायचं नसतं. तुम्हाला दारू निवडता येत नाही, फक्त लॉट, म्हणजे कारखान्यात एकत्र बनलेला काडतुसांचा गट, निवडता येतो. एली, लापुआ, आरडब्ल्यूएस, ज्या कंपनीचं काडतूस असेल त्याचा जो लॉट तुमच्या नळीला मानवतो तो. शिवाय १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे काडतुसं बनवायला वेगळा परवाना लागतो. रायफलीच्या परवान्यात ते येत नाही. 'भरून देतो' म्हणणारा कुणी भेटला तर लांब राहा.

हिशेब मात्र करू. गोळी सेकंदाला साधारण १०७० फुटांनी निघते आणि ५० मीटरमध्ये १२ सेंटिमीटरच्या आसपास खाली येते. वेग ३० फुटांनी वाढला तर ती सुमारे ७ मिलिमीटर वर लागेल. निशाणावरची दहाची रिंग १०.४ मिलिमीटर व्यासाची, पुढची प्रत्येक रिंग ८ मिलिमीटरवर. म्हणजे जवळजवळ एक रिंग दारूच्या नावावर घालता येते. दीड नाही.

डायॉप्टर
दारूच्या मागे लागू नका, हा उजेड आहे. सकाळी कोवळं ऊन, दुपारी कातळ पांढरा फटफटीत. नळीच्या टोकावरच्या साईटच्या रिंगमधून निशाणाचा काळा गोळा वेगळा दिसायला लागतो आणि तुम्ही नकळत वर धरता. त्यात तापलेल्या कातळावरची हवा लवलवते, निशाण जागेवरून हलल्यासारखं दिसतं. मी फक्त ती पुढची रिंग बदलली आणि माझं काम झालं.

खाडीकाठ
तुमचं झालं असेल. पण गोळ्यांचा डबा मॅटवर उन्हात असतो का, हे त्यांना कुणी विचारलंच नाही.

तात्या, कुडाळ
आमच्याकडे शेतीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक आसा. काळी दारू उन्हान बिघडना नाय, पावसात सादळता. मिरगाच्या आधी डबो घट्ट बंद करून कोरड्या खोलयेत ठेवचो, चुलीच्या माळ्यार अजिबात नाय. वानरांनी औंदा काजू ठेवल्यांनी नाय.

आंबाबाग
तात्या, नुकसानीचा पंचनामा झाला का? आमच्याकडे डुकरांनी कलमांच्या आळ्यांची नासधूस केली, अजून कुणी फिरकलेलं नाही.

कातळनेम
डबा मॅटवरच असतो, सावली नाहीच रेंजवर. काजूंचा धागा वेगळा काढा कृपया.

खाडीकाठ
मग उद्या दुपारी एवढंच करा. एकाच लॉटच्या अर्ध्या गोळ्या उन्हात राहू द्या. अर्ध्या घट्ट पिशवीत घालून थर्माकोलच्या बॉक्समध्ये सावलीला ठेवा. बर्फ नको, आपल्या दमट हवेत गार गोळी बाहेर काढली की तिच्यावर लगेच पाणी धरतं. त्याच उजेडात, साईटला हात न लावता, आलटून पालटून पाच-पाच मारा. गोळी चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, काडतूस बसतं त्या भागात) घालून श्वास जुळवत बसू नका. तापलेल्या नळीत तीही तापते. दोन गट वर-खाली पडले तर कारण दारू. एकावर एक पडले तर डायॉप्टर म्हणतात ते खरं.

डायॉप्टर
ही पद्धत मान्य. पण त्याच बैठकीत शेवटी पुढची रिंग एक माप मोठी लावून आणखी पाच मारा, ऊन उतरायच्या आत.

कातळनेम
दोन्ही करतो. पुण्यात बालेवाडीच्या रेंजवर शेड आहे ना, मग तिथे हा घोळ होईल का?

खाडीकाठ
गोळ्या सावलीत राहतील, हे खरं. तिथे सुरुवातीची १५ मिनिटं साईटिंगला, म्हणजे साईट जुळवायला, मिळतात, हवे तेवढे शॉट मारा. पण पुढच्या ५० मिनिटांत ६० शॉट असतात, त्यात नळी तापत जाते. डबा पिशवीतच राहू द्या, दहा-दहा काढा. आणि लॉट नंबर काय आहे ते अजून सांगितलं नाहीत.